वाहनाची धुलाई, पॉलिश आणि मेण : नवशिक्याने प्रथम काय घ्यावे?

दुकानापुढे उभी असलेली गाडी ही आता दुकानाच्या पाटीइतकीच धन्याची ओळख होऊन बसली आहे. बारडोलीसारख्या पेठेत तर ही गोष्ट विशेषच जाणवते. सुरतेपासून सुमारे ३५ कि.मी. अंतरावरील हे गाव उधना-जळगाव लोहमार्गावर आहे; आणि सुरतेहून व्यारा, सोनगड, नवापूर ह्या मार्गाने धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ येथूनच जातो. त्यामुळे खानदेशातील सोयरेधायरे आणि गिऱ्हाइके ह्यांची वाहने येथे नित्य येत-जात असतात. नवी गाडी घेतली की पहिले दोन महिने धनी तिच्याकडे कौतुकाने पाहतो, तिसऱ्या महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा त्याच्या दृष्टीस पडतात, आणि मग तो बाजारात जाऊन “एखादे चांगले पॉलिश द्या” अशी मागणी करतो. आमच्या समजुतीप्रमाणे चुकीची सुरुवात होते ती ह्याच मागणीपासून; आणि ती मागणी निमूटपणे पुरविणारा दुकानदार हाही त्या चुकीचा भागीदार असतो. आमच्या वाचकांत घेणारे आणि विकणारे असे दोन्ही पक्ष असल्यामुळे हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आम्हांस इष्ट वाटते.

प्रथम त्या रेघा येतात कोठून ते पाहू. आजच्या मोटारीवर रंगाचे एकावर एक असे थर असतात : पत्र्यालगत गंजप्रतिबंधक अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ म्हणून ओळखले जाणारे पारदर्शक रोगण. हे सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांपैकी वरच्या पारदर्शक थराच्या वाट्यास बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनच येतात, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीहूनही कमी. गाडीची सारी तुकतुकी ह्या एवढ्याशा थराच्या सपाटपणावर अवलंबून असते. त्यावर कठीण कण दाबून फिरविला की चरा पडतो, आणि असे सहस्रावधी सूक्ष्म चरे एकत्र झाले म्हणजे उन्हात ते जाळे चमकू लागते.

कठीण कणांची आमच्या मुलखात वाण नाही. बारडोलीची काळी जमीन कापसाला आणि उसाला जितकी मानवते तितकीच ती गाडीच्या रंगाला जाचक आहे. ह्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा असतो. पावसाळ्यात ती चाकाच्या आवरणाखाली आणि दारांच्या खालच्या अंगाला चिकटून बसते, वाळली की तिचे कवच होते, आणि त्या कवचात बारीक रेव दडलेली असते. पुढे १९५५ साली स्थापन झालेल्या येथील सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची रांग लागते. रस्त्यावर धुरळा, पाचट आणि चिकट रस पडतो. शेतात जाळलेल्या पाचटाची राख दिसावयास मऊ असते खरी, परंतु उसाच्या राखेत सिलिकेचा अंश भरपूर असतो. आणि सिलिकेचा स्फटिक काचेवरही ओरखडा काढू शकतो, मग रोगणाची काय कथा!

आता सकाळी आठ वाजता कोणत्याही पेठेत दिसणारे दृश्य डोळ्यांपुढे आणा. दुकान उघडण्यापूर्वी पोरगा एक कोरडे फडके घेतो आणि गाडीवरील रात्रीची धूळ गोल गोल हात फिरवून झटकतो. फडके बहुधा जुन्या गंजिफ्रॉकाचे, शिवणीसकट. धनी समाधानाने पाहत असतो. वस्तुतः त्या क्षणी त्याच्या डोळ्यांदेखत सँडपेपरचा प्रयोग चाललेला असतो. वर्षाचे तीनशे दिवस हा प्रयोग झाला तर कोणतेही महागडे मेण त्या गाडीस वाचवू शकणार नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की नवशिक्याने चमक आणणाऱ्या वस्तूंवर पैसा घालण्यापूर्वी धूळ निरुपद्रवीपणे उचलणाऱ्या वस्तूंवर तो घालावा. कोरडी धूळ रोज पुसण्यापेक्षा ती तशीच राहू द्यावी आणि आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावी. रंगाचे त्यात हितच आहे.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात, प्रत्येकी १५ लिटरच्या आसपास. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा साबणाच्या पाण्यात भिजवून एक भाग धुवावयाचा, मग तो साध्या पाण्यात खळबळून त्यातील माती काढावयाची, आणि नंतरच पुन्हा साबणाच्या बादलीकडे वळावयाचे. एकाच बादलीत काम उरकणारा मनुष्य पहिल्या दारावरची रेव दुसऱ्या दारावर नेऊन घासत असतो. बादलीच्या तळाशी बसवावयाची प्लॅस्टिकची जाळीही मिळते; तीमुळे खाली बसलेला गाळ पुन्हा वर येत नाही. ती स्वस्त आहे, जरूर घ्यावी. चाकांसाठी मात्र मोजा आणि फडके स्वतंत्र ठेवावे, कारण ब्रेकमधून झडणारी भुकटी लोखंडाची असते. आणि पाणी गाळून घेण्याची सवय तर आमच्या वाचकांस शिकवावी लागत नाही! बोअरच्या पाण्याबरोबर जी बारीक वाळू येते ती दाट कापडाच्या गाळण्यात अडकते. जीवदयेसाठी घरोघर चालत आलेली ही रीत गाडीच्या रंगासही उपकारक ठरते, हा एक सुखद योगायोग होय.

धुण्यापूर्वी पाण्याचा नुसता फवारा मारून सुटी माती वाहू द्यावी. त्यासाठी बागेची नळी पुरते. दाबाचा विजेरी पंप, ज्यास प्रेशर वॉशर म्हणतात, तो प्रथम खरेदीत नसला तरी काही बिघडत नाही. दुचाकीवाल्यांनी तर त्यापासून थोडे दूरच राहावे. जोराची धार चाकाच्या बेअरिंगमध्ये, साखळीत वा विजेच्या जोडांत शिरली तर वंगण धुपून जाते, आणि रंग वाचविण्याच्या नादात यंत्र बिघडते. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हे आम्ही न सांगताही वाचक जाणतीलच.

शाम्पूविषयी बाजारात फार गैरसमज आहेत. घरात कपड्यांची पावडर असताना वेगळा शाम्पू कशाला, असा प्रश्न काटकसरी गृहस्थ विचारतो आणि तो प्रश्न गैरही नाही. उत्तर असे की कपड्यांच्या पावडरीत धुण्याच्या सोड्यासारखी क्षारधर्मी द्रव्ये असतात, त्यांचा पी.एच. १० च्या घरात जातो. रबराच्या पट्ट्या, उघडे ॲल्युमिनियम आणि मेणाचा थर ह्यांना ती मानवत नाहीत. भांडी घासण्याचा द्रव तितका तीव्र नसतो, तथापि तेलकटपणा काढणे हेच त्याचे काम असल्यामुळे तो मेणही काढून टाकतो. गाडीचा शाम्पू पी.एच. ७ च्या जवळचा असतो आणि तो हाताला बुळबुळीत लागतो. त्याचा खरा गुण ह्या बुळबुळीतपणात आहे : मोजा आणि रंग ह्यांच्यामध्ये तो वंगणासारखा राहतो आणि कण घासला न जाता सरकून निघतो. फेस किती येतो ह्यावर भुलू नये. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अधिक शाम्पू घालण्यातही लाभ नाही. उलट तो धुऊन काढण्यास पाणी मात्र जास्त लागते.

आता फडक्याकडे वळू. आमच्या मते साऱ्या खरेदीत हीच वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सुरत जिल्ह्यातील वाचकांस तिच्याविषयी सांगताना थोडा संकोचच वाटतो. कारण मायक्रोफायबर म्हणजे अखेर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड ह्यांचाच अतिसूक्ष्म धागा, आणि कृत्रिम धाग्याच्या कापडावर तर सुरतेचा बाजार उभा आहे. हे शास्त्र जपानने पुढे नेले. टोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो ह्यांनी १९७० साली अशा सूक्ष्म धाग्यांपासून कृत्रिम साबर तयार केले. पुसण्याच्या फडक्यात धागा उभा चिरलेला असतो, त्यामुळे त्याच्या असंख्य कडा होतात. त्या कडांमधील पोकळीत धूळ आणि पाणी खेचले जाते. सुती कापड धुळीला पुढे ढकलते, हे तिला पोटात घेते. सामान्य कामास जीएसएम ३०० ते ४०० चे फडके योग्य. वाळविण्यासाठी त्याहून जाड, मोठा टॉवेल असावा. ८० भाग पॉलिएस्टर आणि २० भाग पॉलिअमाइड हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. पॉलिअमाइड जितके कमी, तितके फडके स्वस्त आणि पाणी शोषण्यास मंद. कोरड्या तळहातावरून फडके फिरवून पाहावे. खरे चिरलेल्या धाग्याचे असल्यास ते कातडीच्या सूक्ष्म भेगांत अडखळते, आणि नुसतेच सुळकन घसरले तर ते साधे पॉलिएस्टर समजावे. कडेची जाड शिवण आणि कापडी लेबल ह्यांनीही चरे पडतात. लेबल घरी आणताच कापावे. बिनशिवणीचे फडके मिळाल्यास उत्तमच.

अशी सहा-आठ फडकी एकदम घ्यावीत. एक जमिनीवर पडले तर त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लावावयाचे नाही, हा नियम कडक पाळावा. आणि हाताशी दुसरे असल्याशिवाय तो नियम कोणी पाळत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

वाळविण्याच्या सामानापाशी आम्हांस एक मुद्दा स्पष्टपणे मांडावयाचा आहे. दुकानांतून ‘शॅमी’ ह्या नावाने जे पिवळसर मऊ कातडे मिळते ते अस्सल असेल तर ते मेंढीचे कातडे असते, आणि ते कमावण्यासाठी परंपरेने माशाचे तेल वापरतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पायातील वहाण कातड्याची असू नये इतका कटाक्ष पाळला जातो, आणि दारातील गाडी मात्र वर्षानुवर्षे अशा कातड्याने पुसली जाते; कारण नाव परकीय, वस्तू मऊ, आणि चौकशी कोणी केलेली नाही. ह्याच नावाने डब्यातून मिळणारा ओलसर, रबरासारखा, कृत्रिम पीव्हीए पदार्थाचा कपडाही असतो. त्यात प्राणिज काही नाही, परंतु धूळ पोटात घेण्याचा गुणही त्याच्यात नाही. दोहोंपेक्षा मायक्रोफायबरचा टॉवेल सरस आहे, म्हणजे येथे धर्म आणि व्यवहार ह्यांत निवड करण्याची वेळच येत नाही. चाकांच्या आऱ्यांसाठी वा आतील फटींसाठी मिळणाऱ्या ब्रशांतही डुकराच्या केसांचे ब्रश असतात. ‘नैसर्गिक केस’ एवढेच छापलेले असेल तर विचारावे. उत्तर न मिळाल्यास नायलॉनचा घ्यावा. गाडीच्या आसनांवर कातडे असेल तर त्यास लावावयाच्या तेलांपैकी काहींत गुरांच्या पायांपासून काढलेले तेल असते. विक्रेत्यांस आमची विनंती अशी की ह्या वस्तू कशाच्या आहेत ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगावे. एक शॅमी न खपल्याने दुकान बुडत नाही. उद्या गिऱ्हाइकास दुसरीकडून कळले तर मात्र पतीला धक्का लागतो.

आता तो मूळचा प्रश्न : पॉलिश आणि मेण. बाजारात दोन्हींस सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात. ह्याला इतिहासही कारण आहे. हा धंदा लाकडी सामानाच्या आणि घोडागाडीच्या पॉलिशातून वाढला. अमेरिकेतील मेग्वायर्स ह्या प्रसिद्ध नाममुद्रेचा आरंभ १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशाने झाला. पुढे मोटारींवर जे एकथरी रंग आले ते उन्हापावसाने फिके पडत आणि त्यांवर खडूसारखी भुकटी धरे. आपल्याकडे १९५७ ते २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसिडरच्या जुन्या गाड्या ज्यांनी सांभाळल्या त्यांना हे ठाऊक असेल : पॉलिश केले की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे आणि खालून ताजा रंग डोकावे. तेव्हा वरचेवर पॉलिश करणे ही गरज होती, आणि जुन्या चालकांचा रॉकेलचा बोळाही त्याच काळातला. आज रंगावर पारदर्शक रोगण आहे. ते तसे भुकटत नाही, आणि एकदा घासले गेले की परत येत नाही.

भेद समजण्यास स्वयंपाकघर पुरेसे आहे. पितळेचे पातेले राखेने वा चिंचेने घासले म्हणजे ते उजळते, पण घासण्यात धातूचा अंश जातो. मग आत कल्हई लावतात, तेव्हा वरून एक थर चढतो. पॉलिश म्हणजे घासणे. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या द्रव्याचे बारीक कण असतात आणि ते चऱ्याच्या आजूबाजूचे रोगण झिजवून पृष्ठभाग सपाट करतात. मेण म्हणजे कल्हई. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक पॉलिश हे मुद्दलातून काढलेले असते, आणि मुद्दल आहे अवघे ४०-५० मायक्रॉन. म्हणून ‘रबिंग कंपाउंड’ नावाची खरखरीत लुगदी नवशिक्याने विकतच घेऊ नये. यंत्राच्या वेगाने फिरणाऱ्या चकतीबद्दलही तेच. कडेच्या ठिकाणी रोगण पातळ असते आणि अननुभवी हाती ते क्षणात भाजून निघते. जुन्या गाडीवरचे जाळे फारच खुपत असेल तर ‘फिनिशिंग’ जातीचे सौम्य पॉलिश घ्यावे, ते आधी एखाद्या नजरेआड कोपऱ्यात हाताने लावून पाहावे, आणि वर्षातून एकदा हे पुरे समजावे. खोल चरा, ज्यात नख अडकते, तो पॉलिशने जात नसतो. तो रंगाऱ्याचा विषय आहे.

नव्या गाडीस पॉलिशची गरजच नाही. तिला फक्त मेण लावावे, आणि तेही धुऊन, वाळवून, हात फिरविल्यावर पृष्ठभाग काचेसारखा लागत असेल तरच. खरखरीत लागला तर रस्त्यावरचे डांबर वा झाडाचा चीक चिकटलेला आहे असे समजून तो प्रथम क्ले नावाच्या मऊ लगद्याने, भरपूर साबणपाणी घालून, हलक्या हाताने उचलावा.

मेणात कार्नोबाचे नाव सर्वाधिक ऐकू येते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर कोरड्या ऋतूत हे मेण जमते. पाने वाळवून, झोडपून ते काढतात. नैसर्गिक मेणांत ते अत्यंत कठीण गणले जाते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांसच वितळते. वैशाखातील दुपारी गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, तेव्हा ह्या फरकाचा अर्थ निराळा सांगावयास नको. परंतु डब्यावर मोठ्या अक्षरांत कार्नोबा लिहिलेले असले तरी आत मधमाश्यांच्या मेणाची भेसळ असू शकते. त्यास भेसळ म्हणणे कदाचित अन्याय होईल, कारण लावण्यास ते मऊ पडावे म्हणून उत्पादक ते बुद्ध्याच घालतात. ज्यांस ते वर्ज्य आहे त्यांनी घटक वाचावेत, आणि घटक छापलेले नसतील तर निर्मात्यास विचारावे. पूर्णतः कृत्रिम ‘सीलंट’ घेतल्यास हा प्रश्न बहुतांशी उरत नाही आणि टिकाऊपणाही अधिक मिळतो : कार्नोबाचा थर आमच्या उन्हात एक-दोन महिने राहिला तरी पुष्कळ, सीलंट त्याच्या दुपटीहून अधिक टिकते. कार्नोबाची चमक अधिक ‘ओली’ दिसते असे शौकीन म्हणतात. तो डोळ्यांचा आणि हौसेचा भाग. त्यावर आम्ही वाद घालणार नाही. हल्ली सिलिकायुक्त फवारेही मिळतात. धुतल्यावर ओल्या गाडीवर मारून पुसले की झाले, आणि घाईच्या माणसाला तेच मानवतात. मात्र ज्या गाडीचा वा दुचाकीचा रंग मुळातच निस्तेज, मॅट ठेवलेला आहे, तिला पॉलिश व मेण दोन्ही लावू नयेत. तो एकदा चकाकला की पूर्ववत करता येत नाही.

मेण सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ लावावे. दिवाणखान्याच्या भिंतीला चुना देताना जसा जाड हात मारतात तसा येथे मारल्यास मेण नुसतेच वाया जाते आणि पुसताना पांढरे डाग उरतात. धुण्यासही सकाळ वा सायंकाळच बरी. बोअरचे पाणी कठीण असेल, म्हणजे साबणाचा फेस धरत नसेल, तर पत्र्यावर वाळलेल्या थेंबात चुन्याचे क्षार मागे राहतात आणि त्यांची गोल वर्तुळे रंगात रुतून बसतात; म्हणून शेवटचे पाणी ओतताच टॉवेल हाती घ्यावा. पक्ष्यांची विष्ठा आणि उसाचा रस मात्र आठवड्याच्या धुण्याची वाट पाहत ठेवू नये. ओले फडके त्यावर दोन मिनिटे ठेवून मग उचलून घ्यावे, घासू नये.

विक्रेत्यांपैकी ज्यांना ह्या सामानाची एकत्र पिशवी बांधून ठेवावयाची असेल त्यांनी तीत दोन बादल्या, जाळी, दोन मोजे, शाम्पूची लहान बाटली, आठ फडकी, एक टॉवेल आणि सीलंटचा लहान डबा एवढेच घालावे. पॉलिश तीत घालू नये. ज्याला लागेल तो मागाहून मागेल. अशा पिशवीची योग्य वेळ दोनदा येते : पावसाळा उलगडल्यावर, चाकांखालचा चिखल निघतो तेव्हा, आणि हंगाम संपून ऊन कडक होण्यापूर्वी.

घरी फडकी धुताना ती सुती कपड्यांत मिसळू नयेत, सुताचे तंतू त्यांत अडकून बसतात. कपडे मऊ करणारा द्रव त्यांस लावू नये, आणि उकळते पाणीही नको. कोमट पाण्यात थोडा द्रव साबण घालून, सावलीत वाळवून, झाकणाच्या डब्यात ती ठेवावीत. आणि मेणाची फडकी व चाकांची फडकी ह्यांचे डबे वेगळे असावेत.